भागिरथाने न विचारलेला प्रश्न

कामरगावात आशाताई चार आहेत, पण नुसतं ‘आशाताईचं घर कुठं’ असं विचारलं की लोक भागिरथाबाईचंच घर दाखवतात. सतरा वर्षं झाली तिला या कामात. कोणाच्या सुनेला कितवा महिना आहे, कोणाच्या लेकराचा डोस चुकला, कोणता म्हातारा बीपीची गोळी घेतली म्हणतो आणि उशीखाली ठेवतो, हे ती वही न उघडता सांगते. आवाज मोठा, चालणं झपाझप. एकदा मनावर घेतलं की समोरच्याने दार लावून घेतलं तरी ती ओट्यावर ठाण मांडणार. बायकोला बाळंतपणासाठी दवाखान्यात न्यायला एक नवरा तयार नव्हता, तर भागिरथा त्याच्या मोटरसायकलची किल्ली घेऊन अंगणात बसली होती. शेवटी त्यानेच गाडी बोलावली.

तिचा नवरा माणिकराव हायस्कुलात शिपाई. मुलगा उत्कर्ष पुण्याला कंपनीत. घरी दोघंच. त्यामुळे दुपारचा वेळ ती बहुतेक सुंदरबाईच्या दुकानात काढायची.

सुंदरबाई म्हणजे शांतीलाल किराणावाल्यांची बायको. नवऱ्याच्या किराण्याला लागूनच तिचं दुकान: बांगड्या, फॉल, अस्तर, रिबिनी, बायकांचे आतले कपडे. पुरुष त्या दुकानाची पायरी चढत नसत, म्हणून बायका तिथे मोकळ्या बोलत. भागिरथा नवीन आशा झाली तेव्हा रिपोर्ट लिहायला जागा शोधत होती. सुंदरबाईकडे टेबल होतं, पंखा होता. ती म्हणाली, बस इथंच. पहिल्या आठवड्यात चहा यायचा तो भागिरथाला स्टीलच्या वेगळ्या गिलासात आणि सुंदरबाईला कपात. सात दिवस भागिरथाने तो घेतला. आठव्या दिवशी गिलास तसाच टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “सुंदर, गिलास येगळा असंन तर चहा नको मले. पंखा तेवढा राहू दे.” सुंदरबाईचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी दोन सारखे कप आले आणि पुढची सतरा वर्षं सारखेच येत राहिले. त्या गोष्टीवर दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत, पण मैत्री खरी तिथून सुरू झाली.

मागच्या वर्षीच्या ऑगस्टमधली गोष्ट. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. भागिरथा लसीकरणाची यादी लिहीत होती. सुंदरबाई बांगड्यांच्या डब्यावरची धूळ पुसत होती. पुसता पुसता तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “भागू, गाठ दुखत नसंन तर तिचं काई नसते ना व?”

भागिरथाचा पेन थांबला. “कोनाची गाठ?”

“अशीच इचारून राह्यली.”

“सुंदर, कोनाची गाठ?”

सुंदरबाई डबा पुसतच राहिली. भागिरथा उठली, दुकानाचं दार अर्धं ओढलं, आणि कपडे घालून बघायला आडोसा होता त्याच्या पडद्यामागे तिला घेऊन गेली. डाव्या बाजूला, काखेकडे, आवळ्याएवढी गाठ हाताला लागली. दगडासारखी टणक आणि हलवली तरी न हलणारी. वरची कातडी आत ओढल्यासारखी झाली होती. ट्रेनिंगमध्ये रबराच्या छातीवर भागिरथाने अशी गाठ दहादा चाचपली होती. खऱ्या माणसाच्या अंगावर आजच.

“कवापासून?”

“दिवाळीपासून.”

“नऊ महिने? काहून नाई सांगतलं मले?”

“माह्या रुचिकाले दिवस गेलेले होते. बाळंतपनाले इथंच येनार होती ते. तिचं समदं आटपू दे म्हटलं. मंग ते सासरी गेली, तं म्हटलं दुखत तं नाई.”

भागिरथा त्या दिवशी घरी गेली ती सरळ कपाटाकडे. तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा एक फॉर्म आशांना भरावा लागतो. तोंडात चट्टा आहे का, दम लागतो का, छातीत गाठ आहे का, असे प्रश्न असतात. सुंदरबाईचा फॉर्म तिने जानेवारीत भरला होता, त्याच टेबलावर, चहा पिता पिता. ‘गाठ’ पुढे ‘नाही’ अशी खूण होती. अक्षर तिचंच होतं. तिला तो दिवस आठवला. पन्नासेक फॉर्म त्या आठवड्यात द्यायचे होते. सुंदरला काय विचारायचं, तिचं सगळं मला माहीत आहे, असं म्हणून तिने एकही प्रश्न न विचारता सगळीकडे ‘नाही’ ओढून टाकलं होतं. सुंदरबाई तेव्हा समोरच बसली होती. गाठ तेव्हाही होती.

माणिकराव शाळेतून आले तेव्हा ती फॉर्म मांडीवर घेऊन बसलेली. तिने सगळं सांगितलं. त्यांनी फॉर्म घेऊन एकदा वाचला. मग म्हणाले, “आता काय करतं?”

“तिले बरी करतो,” भागिरथा म्हणाली.

शांतीलाल स्वभावाने भला माणूस, पण आजाराच्या नावाने हातपाय गाळणारा. बातमी ऐकून त्यांनी दुकानातला स्टूल ओढला आणि त्यावर बसकण मारली. मग त्यांना मानोऱ्याकडचा एक वैद्य आठवला. त्याच्या पुडीने कोणाची तरी गाठ विरघळली होती म्हणे. भागिरथाने त्यांना मोडता घातला नाही. “भाऊ, पुडी आनाची तं आना. पन ते डॉक्टरले दाखवल्याबिगर तिच्या तोंडात जानार नाई. सोमवारी आमी कारंज्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन राह्यलो. तुमी येता का नाई तेवढं सांगा.”

ते आले. कारंज्याच्या डॉक्टरबाईंनी हात लावला आणि चिठ्ठी लिहून अकोल्याला पाठवलं. अकोल्यात फोटो निघाला, गाठीचा तुकडा काढला. तुकडा काढताना शांतीलाल बाहेरच्या बाकावर होते. नर्स काचेची बाटली घेऊन समोरून गेली आणि हे बाकावरून खाली घसरले. पेशंट सोडून नर्स त्यांच्या तोंडावर पाणी मारत बसली. तेव्हापासून दवाखान्यात सोबत जायचं काम भागिरथाचं, आणि बसस्टँडपर्यंत सोडायचं शांतीलालचं, असं न बोलता ठरून गेलं.

पुढचा इलाज नागपूरला. कामरगावहून एसटीने अमरावती, तिथून नागपूर. पहिल्याच दिवशी खिडकीवरच्या माणसाने कागद पुढे सरकवला. “सोबत कोण?”

“मी.”

“नातं?”

“मैत्रीण.”

“तसं चालत नाही बाई. बहीण लिहू का?”

“बहीन नाई मी तिची. मैत्रीनच लिहा. तुमी बलावसान तवा हजर राहीन, म्हंजे झालं ना?”

त्याने एकदा तिच्याकडे, एकदा सुंदरबाईकडे पाहिलं आणि लिहिलं. सह्यांना मात्र शांतीलाल लागले, ते एकदा येऊन करून गेले, खालीच बघत.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण नीट बोलले. गाठ मोठी आहे, काखेतही पसरली आहे, पण पुढे गेलेली नाही. आधी केमोच्या आठ सलाईन, दर एकवीस दिवसांनी एक. मग ऑपरेशन. मग शेक, म्हणजे रेडिएशन. “एकही सलाईन चुकवायची नाही,” ते म्हणाले. भागिरथाने वहीत आठ तारखा लिहून काढल्या आणि प्रत्येक तारखेपुढे गाडीची वेळ टाकली.

तिचं स्वतःचं काम होतंच. शेजारच्या वॉर्डाची आशा सपना म्हणाली, “काकू, तुमच्या वस्तीचा डोसाचा दिवस मी पायतो. तुमी जा.” माणिकराव स्वतः भाकरी थापायला शिकले. पहिल्या आठ दिवसांच्या भाकरी कोणत्याच आकाराच्या नव्हत्या, पण ते शेजाऱ्यांना दाखवायचे.

पहिल्या सलाईननंतर चौथ्या दिवशी सुंदरबाईने खाणं टाकलं. पोटात काही ठरेना. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थोडं थोडं, दर दोन तासांनी, आणि पाणी भरपूर. पण सुंदरबाई लग्नाआधीपासून चौविहार पाळणारी. सूर्य मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. दिवसभर उलट्या होऊन संध्याकाळी जरा बरं वाटायचं, नेमकी तेव्हा ती तोंड मिटून घ्यायची. ओठांना भेगा पडल्या, लघवी कमी झाली. शांतीलाल विनवून थकले. रुचिकाने फोनवर रडून पाहिलं.

भागिरथाने तिला एकदाही ‘सोड ते नियम’ असं म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जीपमध्ये बसून कारंज्याला गेली. तिथल्या जैन स्थानकात चातुर्मासासाठी साध्वीजी उतरल्या होत्या. ती आयुष्यात पहिल्यांदा स्थानकात शिरत होती. कसं बसायचं, हात कसे जोडायचे, माहीत नव्हतं. आपली आशाची साडी, आपली पिशवी, तशीच जाऊन खाली बसली.

“मी जैन नाई, बौद्ध हाय,” तिने आधीच सांगितलं. “माह्यी मैत्रीन तुमची हाय. तिले कॅन्सर हाय.” मग औषध कोणतं, पाणी का लागतं, मूत्रपिंडाला काय होऊ शकतं, हे सगळं तिने ट्रेनिंगमध्ये सांगतात तसं सांगितलं.

साध्वीजींनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. वयाने मोठ्या होत्या, डोळ्यांना जाड चष्मा. मग म्हणाल्या, “बहन, हर पच्चक्खाण, हर नियम में आगार होता है. आगार मतलब छूट. बीमारी में दवा और पानी की छूट रखकर ही नियम लिया जाता है, इससे नियम टूटता नहीं. उनसे कहना, मैंने कहा है.” आणि थोडं थांबून, “फोन है? आप ही सुना दो, मैं बोलती हूँ. आप पकड़ो.”

साध्वी स्वतः फोन हातात घेत नाहीत, म्हणून भागिरथाने तो त्यांच्यासमोर धरला. पलीकडे सुंदरबाई ऐकत होती. त्या संध्याकाळी दिवे लागल्यावर तिने पाणी घेतलं, आधी हात जोडून, मग घोट घोट. अन्न तिने सूर्यास्तानंतर शेवटपर्यंत घेतलं नाही. भागिरथानेही आग्रह धरला नाही. सलाईनसाठी त्या नागपूरला धर्मशाळेत खोली घेत, तिथे भागिरथा स्वतः तिच्या नियमाने रांधायची, कांदा-लसूण-बटाटा बाजूला ठेवून, ऊन उतरायच्या आत.

केस दुसऱ्या सलाईननंतर गेले. सुंदरबाईला त्याचं जेवढं वाईट वाटेल असं भागिरथाला वाटलं होतं तेवढं वाटलं नाही. डोक्यावरून पदर होताच. चव गेल्याचं मात्र तिला फार लागलं. सगळंच राखेसारखं लागतं म्हणायची. तिसरी झाली, चौथी झाली. चौथीनंतर हातापायांना मुंग्या आल्या, तोंड आतून सोलवटलं, आणि पाचवीच्या आधी तीन दिवस सुंदरबाईने शांतीलालला सांगितलं की ती आता जाणार नाही.

भागिरथा दुपारी घरी गेली. सुंदरबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“बस झालं, भागू. अर्ध्या झाल्या ना? गाठ बी लहान झाली. मी काई मरत नाई आता. आन मेली तं मेली.”

“चार राह्यल्या.”

“तुले नाई घ्या लागत. तुले काय समजते?”

भागिरथाने पिशवी खाली ठेवली. तिला माहीत होतं की आता समजावून उपयोग नाही. चार महिने तिच्या पोटात एक गोष्ट होती. ती आज बाहेर पडली. ठरवलेली नव्हती.

“तुह्या फारमवर मी खोटं लिहलं होतं,” ती म्हणाली. “जानेवारीत. गाठ हाय का, तं नाई. तुले इचारलंच नाई मी. तू समोर बसून होती आन मी इचारलंच नाई. इचारलं असतं तं सात महिने अगुदर समजलं असतं.”

सुंदरबाई हळूच वळली. पापण्यांचे केससुद्धा गेले होते, त्यामुळे तिची नजर फार उघडी दिसायची.

“मंग हे समदं तू त्याच्यासाठी करून राह्यली काय? तुह्यी चूक भरून काढाले?”

“पयले तेच होतं,” भागिरथा म्हणाली.

“आन आता?”

“आता मले तू पायजे. दुकानात बसाले.”

सुंदरबाईने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. “जा तू,” ती म्हणाली.

भागिरथा गेली. दोन दिवस तिने फोन केला नाही, आलाही नाही. तिला वाटलं, आपण मैत्रीही गमावली आणि सलाईनही. माणिकराव म्हणाले, सांगायला नको होतं. ती म्हणाली, सांगायला पाहिजेच होतं, आधीच सांगायला पाहिजे होतं.

तारखेच्या दिवशी सकाळी ती तरीही तयार झाली. पिशवी भरली, पहिल्या एसटीला स्टँडवर गेली. सुंदरबाई आधीच तिथे बाकावर बसलेली, कानाला रुमाल बांधून. बाजूला शांतीलाल, हातात थर्मास. भागिरथा शेजारी बसली. बस अमरावतीच्या अर्ध्या वाटेत पोचेपर्यंत सुंदरबाई काही बोलली नाही. मग म्हणाली, “तू इचारलं असतं ना, तरी मी नाईच म्हटलं असतं. रुचिकाचं होयेपर्यंत म्या कोनाले सांगतलं नसतं.”

“म्हनली असती बी. पन माह्यं काम इचाराचं होतं.”

“हो,” सुंदरबाई म्हणाली. “ते होतं.” तिने माफ केलं असं म्हटलं नाही. भागिरथानेही विचारलं नाही. पाचवी सलाईन झाली आणि आठवीपर्यंत एकही चुकली नाही.

याच दिवसांत भागिरथाने आणखी एक काम उरकायला घेतलं. आपल्या वस्तीतले सगळे जुने फॉर्म बाजूला ठेवून ती पुन्हा घरोघर फिरली. या वेळी प्रत्येक बाईला आत नेऊन, दार लोटून, एकेक प्रश्न विचारला. काही बायका हसल्या, काही चिडल्या, ‘मागं तं झालं होतं ना व’ म्हणाल्या. चौतीस घरांनंतर नानीबाई सापडली. बाजाराच्या दिवशी भाजी विकणारी, वय पंचावन्न, गालाच्या आत पांढरा चट्टा. तंबाखूची चिमूट तिथेच ठेवायची. भागिरथाने तिला त्याच आठवड्यात कारंज्याला नेलं. कॅन्सर नव्हता, त्याच्या आधीची पायरी होती, आणि तिथेच थांबवता आली. तंबाखू सोडताना नानीबाईने भागिरथाला पोटभर शिव्या दिल्या, आणि शिव्या देत देत ती सोडली.

ऑपरेशन मार्चमध्ये झालं. छाती काढली, काखेतल्या गाठी काढल्या. डावा हात वर जाईना. भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम नर्सने दाखवला होता. भागिरथाने सुंदरबाईच्या घरातल्या भिंतीवर पेन्सिलने रेघा मारल्या आणि रोज सकाळी जाऊन, आज कुठल्या रेघेपर्यंत, ते पाहायची. सुंदरबाई कण्हायची, रागवायची, एक बोट पुढे सरकवायची.

शेकासाठी महिनाभर नागपूरलाच राहायचं होतं, एप्रिलच्या उन्हात. एवढे दिवस भागिरथाला गावाबाहेर राहणं शक्य नव्हतं. ती काही बोलायच्या आत शांतीलाल म्हणाले, “मी जातो.”

दोघी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

“मशीन बाहेरून शेकते ना? रगत तं नसते त्याच्यात?” त्यांनी विचारलं. “मंग जमते मले. सैपाक बी शिकतो.”

किराणा मालाची सगळी नावं तोंडपाठ असलेल्या या माणसाने आयुष्यात गॅस पेटवलेला नव्हता. भागिरथाने चार दिवसांत त्यांना मुगाची खिचडी, भात आणि पातळ कढी शिकवली. धर्मशाळेच्या खोलीतून ते रोज सकाळी फोन करायचे. एकदा डाळ करपली, एकदा मीठच पडलं नाही. पण वीस दिवसांचा शेक पूर्ण झाला तेव्हा सुंदरबाईचं वजन दीड किलोने वाढलेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, जेवण कोण बनवतं. शांतीलाल खुर्चीत ताठ झाले.

त्याला आता सहा महिने होऊन गेले. रोजची एक गोळी चालू आहे, ती पाच वर्षं घ्यायची आहे. दुकान उघडलं आहे. डोक्यावर नवे केस आले आहेत, आखूड आणि कुरळे, आणि सुंदरबाई ते लपवत नाही. आतले कपडे घ्यायला आलेल्या बाईला ती सरळ विचारते, हात लावून पाहिलं का कधी, कसं पाहायचं माहीत आहे का. नसेल तर पडद्यामागे नेऊन दाखवते.

मागच्या आठवड्यात तपासणीला दोघी नागपूरला गेल्या. रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर म्हणाले, आता तीन महिन्यांनी या. बाहेर पडल्यावर भागिरथा सवयीने स्टँडकडे वळली. सुंदरबाईने रिक्षावाल्याला हात केला.

“कुठी जाऊन राह्यली?”

“दीक्षाभूमीले. वर्ष झालं आपुन नागपूरले येऊन राह्यलो, आन तू एकदा बी गेली नाई. माह्यी सलाईन, माह्ये कागद, माह्यी गाडी. बस, चाल.”

भागिरथाचे आजोबा छप्पन्न साली तिथे पायी आले होते, हे तिने सुंदरबाईला कधीतरी सांगितलं होतं. कधी, ते तिला आठवेना. ती रिक्षात बसली.

स्तूपात खूप गर्दी नव्हती. भागिरथाने वंदन केलं, डोळे मिटून बराच वेळ बसली. सुंदरबाई मागे, फरशीवर, डावा हात मांडीवर टेकवून बसलेली. बाहेर आल्यावर झाडाखाली दोघींनी डबा उघडला. शांतीलालने दशम्या करून दिल्या होत्या, कडा जरा जाड होत्या.

“आजोबा तुह्ये कारंज्याहून पायी आले होते?” सुंदरबाईने विचारलं.

“नाई. मानोऱ्याकडून. आठ दिवस लागले होते म्हने.”

सुंदरबाईने मान हलवली आणि दुसरी दशमी तिच्या हातावर ठेवली. “खाय. चारची गाडी हाय. ऊन हाय तोवर मले बी खाऊन घ्या लागते.”